जुनी प्रणाली, नवी प्रणाली आणि आपली अक्षरे

संगणक घेताना आपण यंत्र पारखून घेतो. त्यातील कार्यप्रणालीकडे मात्र ती कुरकुर करू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. कार्यप्रणाली म्हणजे ज्याला आपण सर्रास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती. कळफलक, पडदा, छपाईचे यंत्र आणि निरनिराळ्या आज्ञावली यांचे व्यवहार चालविणारी ही मूळ व्यवस्था होय. ती जुनीच ठेवावी की नवी घ्यावी, याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि बहुधा ते वेग, खर्च व सोय एवढ्यांचाच हिशेब मांडतात. मराठीत लिहिणाऱ्याला त्यात आणखी एक कलम घालावे लागते : आपण लिहिलेले उद्या वाचता येईल काय? महाराष्ट्राबाहेरील आपल्यासारख्या संस्थांना हे कलम अधिक जाचते. आपल्या स्मरणिका आणि व्याख्यान-पुस्तिका थोड्या प्रतींत निघतात. त्या संपल्या की मागे उरते ती संगणकातील प्रत.

ही अडचण कशी उद्भवली ते पाहू. विंडोज 95 आणि 98 या प्रणालींत देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. तेव्हाच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त 256 घरे असत आणि ती रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती. आपल्याकडील कल्पक मंडळींनी त्याच घरांत देवनागरीची अक्षरे, अर्धी अक्षरे, काने आणि मात्रा बसविल्या. या युक्तीवर मराठी मुद्रणाचा सारा संसार उभा राहिला, याबद्दल त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु संगणकाच्या लेखी ती अक्षरे रोमनच राहिली. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे फाँट हरवला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. बेळगाव परिसरात एकाच यंत्रावर मराठीबरोबर कन्नडचेही फाँट असत; तेथे फाँट चुकला तर मराठी परिच्छेद कन्नड अक्षरांच्या निरर्थक माळेसारखा उमटे.

वास्तविक याला उत्तर तेव्हाच तयार झाले होते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण 1991 मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. फाँट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहणार. ही व्यवस्था विंडोजमध्ये अंगभूत आली ती विंडोज 2000 पासून. 2001 च्या एक्सपीने ती घरोघर पोहोचविली. जुन्या व नव्या प्रणालींमधील खरी सीमारेषा माझ्या मते येथे आहे. पुढच्या आवृत्त्यांमधील रंगरूपाचे फरक यापुढे किरकोळ होत.

मग जुन्या प्रणालीला लोक का चिकटून राहिले? त्याचे कारण बव्हंशी पेजमेकर. मराठी छापखान्यांतील असंख्य पुस्तके या आज्ञावलीत जुळविली गेली. तिची शेवटची 7.0 ही आवृत्ती 2001 मध्ये निघाली आणि युनिकोड तिला कधीच उमगले नाही. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडतही नाहीत. जुने फाँट नव्या विंडोजवर बहुधा चालतात, ही गोष्ट खरी. पण त्यांचे कळफलक सांभाळणाऱ्या आज्ञावली पुष्कळदा अडतात आणि 16 बिटांच्या काळातील आज्ञावली 64 बिटांच्या विंडोजवर मुळीच चालत नाहीत. काही आज्ञावलींना छपाईयंत्राच्या जोडणीत खोचायचे कुलूप लागे. ती खाचच आजच्या यंत्रांना नसते. तेव्हा जुने यंत्र जपणाऱ्या जुळारीला हट्टी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तथापि जुनी प्रणाली रोजच्या कामाला, विशेषतः इंटरनेटला जोडून, वापरणे धोक्याचे आहे. निर्मात्याने आधार काढून घेतला की नव्याने सापडलेली छिद्रे बुजविली जात नाहीत. एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली; ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामही विस्कळीत झाले. त्या छिद्राची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते प्रामुख्याने सापडले.

विंडोज 11 साठी यंत्रात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणून धडधाकट यंत्रेही अपात्र ठरतात. अशा यंत्रावर लिनक्स घालता येते. त्यात युनिकोड मराठी उत्तम चालते आणि शाळेच्या पत्रव्यवहाराला ते पुरेसे आहे. मात्र पेजमेकर त्यावर चालेल अशा भरवशावर राहू नये.

माझे मत असे की रोजचे लेखन आधार चालू असलेल्या प्रणालीवर आणि युनिकोडमध्येच करावे. जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून, केवळ जुना मजकूर बाहेर काढण्यापुरते ठेवावे. जाणकार माणूस हाताशी असल्यास जुनी प्रणाली नव्या संगणकाच्या पोटात आभासी यंत्र म्हणूनही चालविता येते.

मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या आज्ञावली मिळतात, परंतु त्यांच्यावर डोळे झाकून विसंबणे बरे नव्हे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाआधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर. रफाराचे याच्या उलट : ‘धर्म’ शब्दातील र जुन्या फाँटमध्ये म नंतर येतो, युनिकोडमध्ये म आधी. हा फेरफार चुकला की जोडाक्षरे विस्कटतात. ती निदान डोळ्यांना खुपतात तरी. ‘ऱ्य’ची चूक अधिक कावेबाज. तेथे ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचार्यांचा सत्कार’ हा ‘आचाऱ्यांचा सत्कार’ होऊन बसतो. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली तिकडे ढुंकूनही पाहणार नाही. (आचाऱ्यांचाही सत्कार व्हावा, पण तो स्वतंत्र कार्यक्रम.) म्हणून बदललेली प्रत छापील पुस्तिकेशी ओळ न् ओळ ताडून पाहणारा मराठी वाचक हवा. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सवड आहे त्यांनी एकेक पुस्तिका वाटून घेतली, तर हे काम एका सुट्टीत बरेच पुढे जाईल. ताडलेली प्रत दोन ठिकाणी ठेवावी, आणि तोवर जुने यंत्र भंगारात देऊ नये.