आज्ञावलींचे भांडार आणि वापरणाऱ्याचे बोल

पेरणीच्या दिवसांत बियाणे घेण्यास गेलेला जाणता शेतकरी प्रथम पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचतो. जात कोणती, उगवणशक्ती किती टक्के, तपासणी केव्हा झाली आणि मुदत केव्हा संपते, हे पाहिल्यावाचून तो पैसे मोजीत नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याने ही चिठ्ठी आवश्यक केली आणि प्रमाणित बियाण्यास निळी, पायाभूत बियाण्यास पांढरी व पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी अशा रंगांच्या चिठ्ठ्या ओळखीच्या झाल्या.

आज शेतकऱ्याच्या घरात आणखी एक निविष्ठा आली आहे. ती म्हणजे मोबाईलवर अथवा संगणकावर उतरवून घ्यावयाची तयार आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. पिकाची नोंद, हवामानाचा अंदाज, बाजारभाव, खताचा हिशेब अशी अनेक कामे तिच्याद्वारे होतात. परंतु ही आज्ञावली कोणी केली, ती केव्हा तपासली आणि आपल्या मोबाईलवर ती चालेल काय, हे सांगणारी चिठ्ठी पुष्कळदा कोठेच दिसत नाही. अशा आज्ञावली एकत्र ठेवून सर्वांना वाटणारे संकेतस्थळ, म्हणजे एक प्रकारचे भांडार, कसे असावे आणि त्याच्या रचनेत वापरणाऱ्याच्या अनुभवास कोणते स्थान असावे, याचा विचार या लेखात केला आहे.

भाईंदर पश्चिमेचे उदाहरण

या विचारासाठी भाईंदर पश्चिमेचा परिसर फार उपयुक्त आहे. मिरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली आणि रेल्वे स्थानकाभोवती उंच इमारतींची दाटी झाली. तरी उत्तनच्या रस्त्याने निघाल्यास मुर्धा, राई व मोर्वा ही गावे लागतात आणि शेत व मिठागर यांची ओळख अजून टिकून असल्याचे दिसते. पुढे डोंगरी आणि त्यानंतर उत्तन, पाली, चौक ही मासेमारीची गावे येतात. थोडक्या अंतरात भातशेतकरी, मीठ पिकविणारा, मासेमार आणि शहरातील नोकरदार हे सारे भेटतात.

या सर्वांच्या हाती मोबाईल आहे, परंतु त्यांची गरज एक नाही. भातशेतकऱ्यास सात-बारावर पीक नोंदवावयाचे असते. मासेमारास वारा आणि लाटांचा अंदाज हवा असतो. मीठ पिकविणाऱ्यास अवेळी पावसाची पूर्वसूचना मिळाली, तर तयार मीठ वेळेवर झाकता येते. जे भांडार या सर्वांना एकच लांबलचक यादी दाखवील, ते कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. म्हणून रचनेचा पहिला नियम असा की, मांडणी आज्ञावलीच्या नावावरून न करता वापरणाऱ्याच्या कामावरून करावी. ‘पीक नोंदवा’, ‘पाऊस पहा’, ‘भाव पहा’ असे दरवाजे असले म्हणजे नवख्या माणसासही वाट सापडते.

ई-पीक पाहणीचा धडा

वापरणाऱ्याच्या तक्रारींवरून आज्ञावली कशी सुधारते, याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झालेल्या या ॲपद्वारे शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व नोंद करावयाची, अशी ही योजना होती. सात-बारावरील पिकाची नोंद आधारभूत किमतीने होणारी खरेदी, नुकसानभरपाई व पीककर्ज अशा अनेक कामांत पाहिली जाते. म्हणून नोंद चुकली किंवा राहून गेली, तर शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते.

पहिल्या वर्षी अडचणी आल्याच. एकदा झालेली चूक दुरुस्त कशी करावी? शेतात अनेक पिके मिसळून घेतली असल्यास ती कशी दाखवावीत? छायाचित्र नेमके त्याच गटातील आहे, हे कसे ठरावे? आलेल्या सूचनांचा विचार करून १ ऑगस्ट २०२२ पासून ॲपची दुसरी आवृत्ती देण्यात आली. तिच्यात शेतकऱ्यास ४८ तासांच्या आत आपली नोंद स्वतः दुरुस्त करण्याची सोय मिळाली. मिश्र पिकांची नोंद अधिक सविस्तर झाली. छायाचित्र गटापासून दूर घेतले जात असल्यास तशी सूचना मिळू लागली. शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानून त्यांपैकी किमान १० टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्याने करावी, अशी पद्धत ठरली. शिवाय मदतीचे बटण आणि ॲपविषयी अभिप्राय नोंदविण्याची जागाही ठेवण्यात आली. पुढे २०२४ च्या रब्बी हंगामापासून राज्यभर डिजिटल पीक सर्वेक्षणाचे नवे ॲप वापरात आले.

यातून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चूक दुरुस्त करण्याची सोय ही केवळ शोभेची भर नाही. शेतकऱ्याचे बोट लहान पडद्यावर चुकीच्या ठिकाणी पडणारच. ते गृहीत धरून रचना करणे, हेच चांगल्या रचनाकाराचे काम होय.

भांडाराचे जुने अनुभव

आज्ञावली वाटणारी भांडारे जगात तीस वर्षांपासून चालत आली आहेत. पर्ल या संगणकभाषेसाठी १९९५ साली सीपॅन हे भांडार उघडले. तेथे कोणी नवा आज्ञावलीसंच ठेवला की, निरनिराळे संगणक बाळगणारे स्वयंसेवक तो आपापल्या यंत्रावर चालवून पाहतात आणि ‘चालला’ किंवा ‘चालला नाही’ असा अहवाल पाठवितात. एकाच वाणाची निरनिराळ्या जमिनींत चाचणी घ्यावी, तसाच हा प्रकार आहे. कर्त्याच्या यंत्रावर जे चालते ते दुसऱ्याच्या यंत्रावर चालेलच असे नाही, हे या अहवालांनी वेळोवेळी दाखवून दिले.

संख्याशास्त्राच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या भाषेचे क्रान हे भांडार १९९७ साली सुरू झाले. तेथील संचांची नियमित तपासणी होते आणि दोष सूचना देऊनही न सुधारल्यास तो संच चालू यादीतून काढून जुन्या दप्तरात ठेवतात. शेतीवरील प्रयोगांची आखणी व विश्लेषण यांसाठी पेरू देशातील एका कृषी विद्यापीठातील संशोधकाने केलेला ‘ॲग्रिकोले’ हा संच याच भांडारातून जगभर गेला.

उलट अनुभवही आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या भांडारातून एका कर्त्याने आपला ‘लेफ्टपॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा संच काढून घेतला. त्यावर अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावलींची बांधणी त्यामुळे एकाएकी अडली. पाटाचा एक लहानसा दगड काढावा आणि खालची सारी शेते कोरडी पडावीत, तसे हे झाले. ज्यावर दुसऱ्यांचे काम उभे आहे, ते भांडारातून सहजासहजी नाहीसे होऊ देता कामा नये, हा धडा त्यातून मिळाला.

खोट्या आज्ञावलींचा धोका

चांगल्या भांडाराची गरज आज अधिक भासते, याचे आणखी एक कारण आहे. शासकीय योजनांच्या नावाने खोट्या एपीके फायली समाजमाध्यमांतून पाठविल्या जातात. अशी फाईल मोबाईलवर उतरविली की, मोबाईलमधील गुप्त माहिती भामट्याच्या हाती जाऊन बँकेतील पैसेही जाऊ शकतात. पी. एम. किसान योजनेच्या नावाने असे प्रकार घडले असून त्यांविषयी शासनाने सावधगिरीचे इशारे दिले आहेत. खोटे बियाणे एका हंगामाचे नुकसान करते; खोटी आज्ञावली एका रात्रीत वर्षाची पुंजी नेते. शेतकरी अशा फाईलकडे वळतो, यात बऱ्याचदा खऱ्या भांडाराची अवघड वाटही कारणीभूत असते. खरी वाट सोपी केली, तर आडवाटेने जाणारे कमी होतील.

अनुभव कसा गोळा करावा

वापरणाऱ्यास ‘आपणांस हे आवडले काय?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. पाहुण्याच्या समोर माणूस ‘ठीक आहे’ असेच म्हणतो. त्याऐवजी त्याच्या हाती एक काम द्यावे. उदाहरणार्थ, राई गावातील एखाद्या भातशेतकऱ्यास सांगावे, ‘पावसाचा अंदाज देणारी आज्ञावली शोधून आपल्या मोबाईलवर घ्या.’ मग जवळ बसावे, पण बोलू नये. तो कोठे थांबला, कोणता शब्द त्याला कळला नाही, कोठे मागे फिरला, एवढे वहीत टिपावे. मध्येच मदत करण्याचा मोह आवरणे, हे या कामातील सर्वांत कठीण अंग आहे.

अशी किती माणसे घ्यावीत? नील्सन व लँडॉवर या अभ्यासकांनी १९९३ साली मांडलेल्या गणितावरून पुढे असा संकेत रूढ झाला की, सुमारे पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी उघड होतात. परंतु हे पाच जण एकाच प्रकारचे वापरणारे असतील तरच ते लागू पडते. म्हणून राईचे शेतकरी, उत्तनचे मासेमार आणि प्रथमच मोबाईल हाती घेतलेल्या स्त्रिया यांच्या चाचण्या स्वतंत्र घ्याव्यात. आढळलेले दोष काढून पुन्हा नव्या पाच जणांसमोर रचना ठेवावी. एकदा मोठी चाचणी घेण्यापेक्षा लहान चाचण्या वारंवार घेणे अधिक फलदायी ठरते.

तारे देऊन गुण लावण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये. फार खूश झालेला व फार चिडलेला असे दोघेच बहुधा लिहितात. शिवाय जुन्या आवृत्तीवरील तक्रार दोष दुरुस्त झाल्यावरही तशीच दिसत राहते. म्हणून प्रत्येक अभिप्रायासोबत आवृत्तीचा क्रमांक, मोबाईलचा प्रकार व तारीख आपोआप नोंदली जावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तक्रारीचे पुढे काय झाले, हे तक्रार करणाऱ्यास कळवावे. ज्याच्या सांगण्याने बांध दुरुस्त झाला, तो पुढील वर्षीही गळती दिसताच सांगावयास येतो.

आज्ञावलीची खूणचिठ्ठी

वरील विवेचनावरून भांडारातील प्रत्येक आज्ञावलीच्या पानावर पुढील गोष्टी सोप्या मराठीत असाव्यात :

१. आज्ञावली कोणत्या कामाची आहे, हे एका वाक्यात.
२. ती कोणी तयार केली व तिची जबाबदारी कोणाची.
३. आवृत्तीचा क्रमांक व शेवटच्या दुरुस्तीची तारीख.
४. मोबाईलमध्ये लागणारी जागा आणि इंटरनेटवाचून ती चालते किंवा नाही.
५. ती मोबाईलमधील कोणती माहिती मागते व कशासाठी.
६. ज्ञात असलेले दोष व त्यांवरील तात्पुरता उपाय.
७. अडचण कळविण्याचे ठिकाण.

सहाव्या बाबीस कर्ते बहुधा कचरतात. परंतु आपला दोष आपणच सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, हा बाजारातला अनुभव येथेही लागू आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनीही आपला वाटा उचलावा. अनोळखी व्यक्तीने पाठविलेली एपीके फाईल उघडू नये. आज्ञावली अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि शंका आल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यास विचारावे. अडचण आली तर ‘चालत नाही’ एवढेच न म्हणता कोणत्या पायरीवर काय दिसले, हे सांगावे. वाण सुधारणाऱ्या शास्त्रज्ञास शेतकऱ्याच्या शेतातील नोंदीची जितकी गरज असते, तितकीच आज्ञावली रचणाऱ्यास आपल्या या बोलांची आहे.