दुइंजिनी नौकेचा वेग : पंखे आणि ड्राइव्ह

इ. स. १८९४ सालीं इंग्लंडमध्यें न्यूकॅसलनजीक चार्ल्स पार्सन्स या यंत्रविशारदानें 'टर्बिनिया' नांवाची एक लांबट, अरुंद नौका पाण्यांत सोडली. वाफेचें टर्बाइन नौकेवर बसविण्याचा तो पहिलाच प्रयोग. यंत्र अपेक्षेप्रमाणें प्रचंड गतीनें फिरलें. नौका मात्र वीस नॉटांच्या पलीकडे जाईना. पार्सन्सनें पंख्यामागून पंखे बदलून पाहिले, तरी फळ तेंच. शेवटीं त्याच्या ध्यानांत आलें, कीं दोष यंत्रांत नसून यंत्राची व पाण्याची जेथें गांठ पडते तेथें आहे. पंख्याचीं पातीं इतक्या वेगानें पाणी कापीत होतीं, कीं त्यांच्या पाठीवरील दाब एकदम उतरून तेथील थंड पाणीच उकळूं लागे, आणि पंखा पाण्याऐवजीं वाफेच्या बुडबुड्यांत फिरत राही. या प्रकारास 'कॅव्हिटेशन' असें नांव पडलें. पार्सन्सनें खिडक्या असलेली एक लहानशी टाकी बनवून तींत हे बुडबुडे प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिले. मग टर्बाइनाचे तीन भाग करून तीन दांडे घातले, व प्रत्येक दांड्यावर तीन, असे एकंदर नऊ पंखे बसविले. १८९७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथें आरमाराची पाहणी चालली असतां हीच नौका चौतीस नॉटांच्या वेगानें युद्धनौकांच्या रांगांमधून निघून गेली, आणि तिला अडविण्यास धाडलेल्या बोटी मागें पडल्या.

आज ज्याच्यापाशीं दोन इंजिनांची वेगवान मोटारबोट आहे त्याची तक्रार पार्सन्सच्याच जातीची असते. इंजिनें उत्तम चालतात, पेट्रोल सढळ हातानें जळतें, परंतु वेगाचा कांटा एका आंकड्यावर येऊन खिळतो. अशा वेळीं पहिला विचार मनांत येतो तो अधिक शक्तीच्या इंजिनांचा. तो किती महागांत पडतो याचा हिशेब अमेरिकन नौकारचनाकार जॉर्ज क्राउच याच्या सूत्रावरून करतां येतो. पाण्यावर उचलून धांवणाऱ्या नौकेचा वेग हा अश्वशक्तीला वजनानें भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो, असें तें सूत्र सांगतें. म्हणजे वेग शेंकडा दहा वाढवावयाचा, तर शक्ति शेंकडा एकवीस वाढवावी लागते. चारशें अश्वशक्तीचीं दोन इंजिनें असलेली नौका ताशीं ६१ मैल जात असेल, तर तिला ६७ मैलांवर नेण्यास आठशेंच्या जागीं सुमारें ९७० अश्वशक्ति हवी. आणि मोठीं इंजिनें अधिक जड असल्यास तेवढ्यानेंही भागणार नाहीं. वजन कमी करणें हा त्याच सूत्राचा दुसरा अर्थ होय. आठवडाभर न वापरलेल्या पाण्याच्या टाक्या, जुने नांगर व दोर बाहेर काढले तरी कांहीं वेग फुकट मिळतो; पण हा उपाय कोणास फारसा रुचत नाहीं.

पंख्याकडे वळण्यापूर्वीं त्याच्या मापांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पंख्यावर दोन आंकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचाचा. मळसूत्र लांकडांत फिरवीत नेलें, तर एका फेऱ्यांत तें जेवढें आंत शिरतें तेवढा त्याचा पिच. २३ इंच पिचाचा पंखा एका फेऱ्यांत २३ इंच पुढें जावयास हवा. पाणी मात्र लांकूड नव्हे. तें पात्यांपुढून मागें सरकतें, आणि प्रत्यक्ष चाल हिशेबापेक्षां कमी भरते. या तुटीस घसरण म्हणतात. ती अगदींच नाहींशी करतां येत नाहीं, कारण पाणी मागें लोटल्यावांचून नौका पुढें जाणारच नाहीं.

वर घेतलेल्या नौकेचाच हिशेब पुढें चालवूं. तिचीं इंजिनें पूर्ण थ्रॉटलवर मिनिटास ४९०० फेरे करतात, व कारखान्यानें ४६०० ते ५००० ही मर्यादा ठरवून दिलेली आहे. ड्राइव्हमधील गिअरचें प्रमाण दीडास एक. म्हणून पंख्याचे फेरे सुमारें ३२६७. त्यांस २३ नीं गुणिलें कीं मिनिटाचे इंच येतात. मैलाचे इंच ६३,३६०, व तासाचीं मिनिटें ६०. तेव्हां या गुणाकारास १०५६ नीं भागिलें असतां ताशीं मैल मिळतात. उत्तर येतें सुमारें ७१. प्रत्यक्ष वेग ६१. अर्थात् घसरण शेंकडा चौदा. 

आतां मालक म्हणतो, पिच वाढवावा. पंचवीस इंची पंखे चढवावे. पण पिच एक इंच वाढला कीं इंजिनाचे दीडशें ते दोनशें फेरे उतरतात, हा नेहमींचा अनुभव. दोन इंचांस साडेतीनशें धरले, तर इंजिन ४५५० वर येतें, व तेवढीच घसरण मानून वेग निघतो ६१.६ मैल. म्हणजे दोन नव्या पंख्यांची किंमत मोजून पदरांत पडलें अर्ध्या मैलाहून थोडें अधिक, आणि इंजिन कारखान्याच्या मर्यादेखालीं दडपलें गेलें. चढणीवर गाडी वरच्याच गिअरमध्यें रेटीत राहिल्यास इंजिनाची जी दशा होते तीच येथें होते. फरक इतकाच, कीं गाडीला चढण संपते, नौकेला ती किनारा लागेपर्यंत पुरते. याउलट इंजिन ५००० ची मर्यादा ओलांडून जात असेल, तर मात्र पिच वाढविणें हाच खरा उपाय. तेव्हां पहिला प्रश्न वेगाच्या कांट्याला न विचारतां फेऱ्यांच्या कांट्याला विचारावयाचा असतो.

घसरण चौदावरून दहावर आली, तर त्याच ४९०० फेऱ्यांत नौका ६४ मैल जाईल. खरी कमाई येथें आहे. ॲल्युमिनियमचीं पातीं जाड ठेवावीं लागतात, व भार पडतांच तीं किंचित् वांकतात. स्टेनलेस स्टीलचीं पातळ राहूनही आकार सोडीत नाहींत. पात्याच्या मागच्या कडेला चमच्याच्या ओठासारखी थोडी वळण दिली, तर पाण्यावरील पकड सुटत नाहीं. या वळणीला कारागीर 'कप' म्हणतात. पातीं मागें कललेलीं असलीं कीं नाळ वर उचलली जाते, नौकेचें बूड कमी भिजतें, व घर्षण घटतें. तीन पात्यांचा पंखा निव्वळ वेगास बहुधा सरस. चार पात्यांचा वळणावर व लाटांत अधिक घट्ट राहतो आणि जड पिछाडी सांवरून धरतो. व्यासाविषयीं एवढेंच, कीं जाळें ओढणाऱ्या ट्रॉलरला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा हवा, धांवणाऱ्या नौकेला लहान.

ड्राइव्हचा प्रश्न याहून अवघड. जुन्या पद्धतींत दांडा नौकेच्या बुडांतून तिरपा बाहेर येतो, व दांडा, त्याचा आधार आणि सुकाणू हीं सर्व पाण्यांतून ओढावीं लागतात. पाणी हवेच्या सुमारें आठशेंपट दाट. त्यामुळें बोटभर जाडीचा लोखंडी तुकडाही वेगांत भारी पडतो. १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनांत व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीनें 'अॅक्वामॅटिक' पुढें आणला. त्यांत इंजिन नौकेच्या आंत पिछाडीशीं, व गिअरचा पाय बाहेर, असें नवें जुळण होतें. तो पाय वळवून दिशा देतां येते आणि वर-खालीं कलवून नाळ उचलतां येते. पुढें याच कंपनीनें १९८२ मध्यें एकाच पायावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे बसविले. अशी जोडी उठावास व बंदरांतील हालचालीस नामी. परंतु तिची गिअरपेटी स्थूल, म्हणून साठ मैलांच्या पलीकडे एकच पंख्याचा सडपातळ पाय बहुधा बाजी मारतो. जेथें दोन इंजिनें आहेत तेथें दुहेरी पंखे घेणारानें आपणांस उठाव हवा कीं अंतिम वेग, हें आधीं ठरविलेलें बरें.

पाय जितका वर बसवावा तितका पाण्याचा अडथळा कमी. म्हणून शर्यतवाले तो इंच-अर्धा इंच वर उचलीत जातात. यांत एक गोम आहे. इंजिन थंड ठेवणारें पाणी पुष्कळदां याच पायावरील छिद्रांतून ओढलें जातें. तीं छिद्रें पृष्ठभागाशीं आलीं, कीं पाण्याबरोबर हवा शिरते, आणि वेगाचा कांटा पुढें सरकत असतांनाच उष्णतेचा कांटाही चढूं लागतो. वेगाच्या आनंदांत दुसऱ्या कांट्याकडे लक्ष न गेल्यामुळें भाजून निघालेलीं इंजिनें कमी नाहींत. याच भीतीनें कांहीं पायांच्या टोंकाशीं, अगदीं खालीं, पाण्याचें तोंड ठेवलेलें असतें.

याच विचाराची परमावधि म्हणजे पृष्ठभागी ड्राइव्ह. पंखा अर्धा पाण्यांत व अर्धा हवेंत. दांडा आणि त्याचे आधार पाण्याबाहेर. कॅव्हिटेशनचा बुडबुडा येथें वाफेचा नसून पात्यानें वरून ओढून आणलेल्या हवेचा असतो, व तो पात्याला खात नाहीं. ही कल्पना अमेरिकेंतील अल्बर्ट हिकमन यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच वापरली होती. हॉवर्ड आर्नेसन यानें १९८० च्या सुमारास तिला आजचें लोकप्रिय रूप दिलें. मात्र मंद गतींत हा पंखा आळशी, आणि उलट फिरवून नौका थांबवितांना तर फारच आळशी. धक्क्याशीं येतांना मालकाला याचा पुरता प्रत्यय येतो.

दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरविण्याची चाल सर्वत्र आहे, कारण दोन्ही एकाच दिशेनें फिरले तर त्यांच्या पीळानें नौका एका कुशीवर झुकते. बहुतेक नौकांत वरचीं पातीं बाहेरच्या बाजूस जातात. शर्यतींतले कांहीं लोक डावाउजवा पंखा बदलून तीं आंतल्या बाजूस फिरवितात. एखाद्या नौकेला त्यानें मैलदोन मैल लाभतात, तर एखादी पूर्ण वेगांत डुलूं लागते. याचा निर्णय कागदावर होत नाहीं.

दोन इंजिनांस एकच पंखा, असाही प्रकार होऊन गेला. सर हेन्री सीग्रेव्ह याची 'मिस इंग्लंड २' ही तशी होती. रोल्स-रॉइसचीं विमानी धाटणीचीं दोन इंजिनें, व गिअरनें जोडलेला एक पंखा. १९३० च्या जूनच्या १३ तारखेस विंडरमियर सरोवरावर तिनें ताशीं ९८.७६ मैलांचा विक्रम केला, आणि त्याच दिवशीं पुढच्या धांवेंत ती उलटली. सीग्रेव्ह व यंत्रज्ञ हॅलिवेल दोघेही प्राणांस मुकले. पाण्यावर तरंगत आलेल्या ओंडक्याचा आघात हें कारण मानलें जातें. त्याच जातीचीं दोन इंजिनें, परंतु दोन पंखे आणि नवें बूड घेऊन बांधलेल्या 'मिस इंग्लंड ३' नें १९३२ मध्यें लॉक लोमंडवर ११९.८१ मैल गांठले. त्याच वर्षीं अमेरिकेच्या गार वुडनें चार इंजिनांच्या 'मिस अमेरिका १०' नें १२४.८६ करून तो विक्रम मोडला.

राहतां राहिली पारख. नवे पंखे विकत घेण्यापूर्वीं जुने मापून घ्यावे. एकाच आंकड्याचे दोन पंखे कारागिराच्या मापांत अर्धा इंच वेगळे निघणें नवलाचें नाहीं. एक इंजिन दुसऱ्याहून दोनशें फेरे मागें असेल, तर पंखे परस्पर बदलून पाहावे, मात्र ते एकाच दिशेचे असल्यासच. उलटसुलट जोडीत हें जमत नाहीं व इंजिनच तपासावें लागतें. बुडाला शिंपल्या चिकटलेल्या असतांना केलेली चांचणी ही शिंपल्यांची चांचणी होय. टाकींतील पेट्रोल व माणसांची संख्या दर खेपेस तीच ठेवावी, वेग उपग्रहाच्या यंत्रावर मोजावा, आणि प्रवाहाच्या व वाऱ्याच्या उलटसुलट अशा दोन धांवा घेऊन त्यांची सरासरी काढावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पंखा व पायाची उंची एकाच दिवशीं बदलणाराला वेग वाढला तरी तो कशानें वाढला हें कळत नाहीं, आणि घटला तर दोन्ही पुन्हां सोडवावीं लागतात. शिवाय एक इंजिन बंद पडून दुसऱ्यावर परत यावें लागलें, तर दोहोंसाठीं निवडलेला पिच त्या एकट्याला फार जड होतो. तेव्हां थ्रॉटल अर्ध्याखालीं ठेवून, नौका उचलण्याचा हट्ट न धरतां, सावकाश यावयाचें असतें.