चिपाडाची वीज, हवेचा हिशेब

रसवंतीच्या चरकातून बाहेर पडणारं चिपाड तुम्ही पाहिलंच असेल. आपल्या श्रीगोंदा तालुक्यात ऊस भरपूर, साखर कारखानेही आहेत. कारखान्यात १०० किलो ऊस गाळला की साधारण ३० किलो चोथा उरतो. त्याला तिथे बगॅस म्हणतात. त्यात निम्मं तर पाणीच असतं! तरी तो बॉयलरमध्ये छान जळतो.

जुन्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब कमी असे. कारखाना चालण्यापुरती वाफ मिळाली की झालं. पुढे इंजिनिअरांनी जास्त दाबाचे बॉयलर बसवले. ही जोरकस वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज तयार करते आणि जोर ओसरला की रस आटवायला जाते. एकाच वाफेकडून दोन कामं, म्हणून ही सहवीजनिर्मिती! उरलेली वीज तारांवरून बाहेर जाते.

पण धूर तर निघतोच ना? शाबास, शंका बरोबर आहे. बगॅस जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. पुढचा ऊस तो पुन्हा घेतो. कोळसा मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन हवेत सोडतो. एका युनिट विजेमागे जवळजवळ १ किलो वायू.

गंमत म्हणजे ही बचत विकता येते. १९९७ मध्ये जपानच्या क्योटो शहरात करार झाला, २००५ पासून तो लागू झाला. १ टन वायू वाचला की एक प्रमाणपत्र, आणि गिऱ्हाईक श्रीमंत देश. महाराष्ट्रातल्या काही साखर कारखान्यांनीही त्यात नोंदणी केली. २०१२ च्या सुमारास भाव पार कोसळले. २०२३ साली भारत सरकारने देशातच कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना जाहीर केली.

खरी मेख पुढे आहे. वाचलेला वायू काही तराजूत घालता येत नाही. मीटर, बगॅस आणि कोळशाची वजनं यांवरून इंजिनिअर तो मोजतात. प्रमाणपत्र विकत घेणारा तेवढा धूर सोडायला मोकळा होतो. म्हणजे इथे १ टन खोटा लिहिला, तर हवेत १ टन खराच वाढतो! बॉयलर बनवण्यापेक्षा मला हेच काम अवघड वाटतं.

आता वही काढा. एका कारखान्याने दिवसात ५०,००० युनिट वीज बाहेर दिली. बगॅस कमी पडला म्हणून त्यातली पाचवा हिस्सा वीज कोळशावर केली. युनिटला १ किलो धरून सांगा, किती टन वायू वाचला?