गाजरगवत आणि मिरचीचा वाफा

मिरचीचें बीं उगवलें नाहीं म्हणजे दोष बियाणें विकणाराच्या माथीं मारावा, ही आपणां शेतकऱ्यांची जुनी चाल. गतवर्षीं आम्हीही तेंच करणार होतों. आमच्या तळवलीचीं भातखाचरें १९७० नंतर नव्या मुंबईच्या उभारणींत गेलीं; घरामागील दोन वाफे एवढीच आतां आमची शेती. ओल टिकावी म्हणून एका वाफ्यावर शेजारच्या पडीक जागेंतील हिरवें गाजरगवत कापून पसरलें, दुसऱ्यावर भाताचा पेंढा. बीं एकाच पुडींतलें. पेंढ्याखालीं रोपें दाट आलीं. गवताखालीं आलीं तीं मोजकीं, पिवळीं व खुरटीं. मग पुडीस दोष कसा द्यावा?

कांहीं वनस्पति आपल्या अंगच्या द्रव्यांनीं शेजारणीची वाढ रोखतात. या व्यवहारास १९३७ सालीं हान्स मोलिश या शास्त्रज्ञानें ॲलेलोपॅथी असें नांव दिलें. गाजरगवतांत पार्थेनिन नांवाचें कडू द्रव्य असतें. पावसानें पानें धुतलीं जाऊन, मुळांतून पाझरून व पाला कुजून तें जमिनींत उतरतें आणि बियांची उगवण व कोंवळ्या मुळांची वाढ खुंटवितें. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गांठीही कमी धरतात, हें वाल-चवळी करणारांनीं ध्यानांत ठेवावें.

याहून मोठी हानि फुलांपासून होते. या गवताचे परागकण मिरची, टोमॅटो, वांगें यांच्या फुलांवर पडले तर फळधारणा घटते, असें बंगळूरच्या संशोधकांस आढळलें आहे. म्हणजे वाफा कितीही निर्मळ राखला तरी बांधावरचें गवत फुलूं दिल्यास श्रम वायां जातात. गांव नमुना बारामध्यें पिकांची नोंद आम्हीं जन्मभर पाहिली. बांधावर काय माजलें आहे याचा रकाना त्यांत नाहीं!

१९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम ध्यानीं आलेलें हें गवत आतां देशभर पसरलें आहे. एकेक झाड हजारों बिया टाकतें, म्हणून फुलापूर्वींच मुळासकट उपटावें. हातांस फडकें गुंडाळावें, कारण स्पर्शानें कित्येकांस खाज सुटते. १९८३ सालीं मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा त्याचीं पानें खातो. पावसापूर्वीं पडीक जागेंत टाकळ्याचें बीं फेंकलें तर टाकळा त्यास दडपतो. शिवाय आपणांस भाजी मिळते ती वेगळीच.

यंदां आम्हीं शेजारचा तो तुकडा पहिल्या पावसानंतर साफ केला व वाफ्यांवर पेंढाच घातला. तुकड्याच्या मालकाची परवानगी मात्र घेतली नाहीं. तो मालक कोण, हें तीस वर्षें महसुलाचीं दप्तरें चाळूनही आम्हांस उमगलेलें नाहीं.