तारकापेशींमधून होणारा मेदाम्लांचा स्राव

तारकापेशी (ॲस्ट्रोसाइट) या मेंदूतील आधारपेशी आहेत. मेंदूत दाह (शोथ) निर्माण झाला असता त्यांपैकी काही पेशींची अवस्था पालटते आणि त्या लांब साखळीची संपृक्त मेदाम्ले व तत्सम मेदद्रव्ये बाहेर टाकू लागतात. ही द्रव्ये शेजारच्या पेशींना मारक ठरतात.

पार्श्वभूमी

चेतापेशींखेरीज मेंदूत ज्या पेशी असतात त्यांच्यासाठी जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये 'न्यूरोग्लिया' हे नाव योजले. 'ग्लिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस किंवा डिंक. या नावामुळे या पेशी म्हणजे केवळ चेतापेशींना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, अशी समजूत दीर्घकाळ रूढ राहिली. ती अपुरी होती. तारकापेशी चेतापेशींना पोषण पुरवतात, जादा ग्लुटामेट शोषून घेतात आणि मेदाचा पुरवठाही करतात. मेंदूच्या शुष्क वजनाचा सुमारे निम्मा भाग मेदद्रव्यांचा असतो. मात्र रक्तातील मेदकण रक्त व मेंदू यांमधील अडसर सहजासहजी ओलांडत नाहीत. त्यामुळे कोलेस्टेरॉल व मेदाम्ले प्रथिनांच्या वेष्टनात बांधून चेतापेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम मुख्यतः तारकापेशींकडे येते. या वेष्टनातील प्रमुख प्रथिन म्हणजे ॲपोलिपोप्रोटीन-ई.

दाहातील बदल

संसर्ग किंवा इजा झाल्यास प्रथम जागृत होतात त्या सूक्ष्मग्लिया, म्हणजे मेंदूतील संरक्षक पेशी. त्या इंटरल्युकिन-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू हे तीन संदेश सोडतात. हे तिन्ही एकत्र मिळाले की तारकापेशींची विषारी अवस्था निर्माण होते, असे बेन बॅरेस यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगशाळेने २०१७ मध्ये दाखवून दिले. अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन इत्यादी विकारांनी मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंतही अशा पेशींच्या खुणा आढळल्या.

मारक द्रव्याचा शोध

या पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो द्रव निरोगी पेशींवर घातला, तरी त्या मरत. म्हणजे विष द्रवातच होते. ते एखादे प्रथिन असावे, असा स्वाभाविक तर्क होता. केव्हिन गटनप्लान, शेन लिडेलो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले उत्तर वेगळे निघाले: विष प्रथिनात नव्हते, ॲपोलिपोप्रोटीन-ई व ॲपोलिपोप्रोटीन-जे यांनी वाहून नेलेल्या संपृक्त मेदात होते. एरवी ज्या वाटेने पोषण जाते, त्याच वाटेने विष जात होते.

पडताळणीसाठी ईएलओव्हीएल१ हे विकर निवडण्यात आले. हे विकर मेदाम्लांची कार्बन-साखळी लांबवते. उंदरांच्या केवळ तारकापेशींतून त्याचे जनुक काढून टाकले असता त्या पेशींचा विषारीपणा घटला. दृष्टिचेता चिरडून इजा केलेल्या उंदरांमध्ये डोळ्याच्या पडद्यातील चेतापेशी अधिक संख्येने वाचल्या. विषारी मेदाला बळी पडणाऱ्यांत ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे चेतातंतूंभोवती मायलिनचे आवरण घालणाऱ्या पेशीही येतात.

मर्यादा

'संपृक्त' हा शब्द आल्याबरोबर तूप-लोण्याची आठवण होणे साहजिक आहे. परंतु येथील मेदाम्ले तारकापेशींनी स्वतः घडवलेली असतात. आहारातील मेदाविषयी या प्रयोगांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

उपचाराची वाटही सरळ नाही. ईएलओव्हीएल१ विकर शरीरात इतरत्रही आवश्यक असते: ते जन्मतःच नसलेली उंदरांची पिल्ले त्वचेचे संरक्षक आवरण सदोष राहिल्याने जन्मानंतर लवकरच दगावतात. शिवाय दाहातील सर्वच तारकापेशी घातक नसतात. काही जखम आवळून धरतात व दाह पसरू देत नाहीत. 'विषारी' आणि 'हितकर' अशी दोनच गटांतील विभागणी सोडून द्यावी, असे आवाहन या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी २०२१ मध्येच एका संयुक्त निवेदनाद्वारे केले.