झुडपाआडची चकोत्री

चकोत्री हा जमिनीवर वावरणारा, अतिशय बुजरा रानपक्षी आहे. मोर, तितर आणि रानकोंबडी ज्या कुळातली, त्याच कुळातली ही. उत्तरेकडच्या थंड देशांतले ग्राउजही याच कुळात मोडतात. भारतात ते आढळत नाहीत. बर्फात वावरणाऱ्या ग्राउजच्या पायांवर पिसे असतात, पण आर, म्हणजे पायामागचा टोकदार काटा, नसते. चकोत्रीचे पाय उघडे असून नराच्या प्रत्येक पायाला बहुधा दोन, कधी त्याहून जास्त आऱ्या असतात. मादीलाही आर असते. ‘गॅलोपर्डिक्स’ या शास्त्रीय नावाचा अर्थच कोंबडा-तितर असा आहे, आणि तो पक्ष्याला अगदी शोभतो.

चकोत्रीच्या तीन जाती आहेत: दोन भारतात, एक श्रीलंकेत. लाल चकोत्री सुमारे ३६ सेंटिमीटर लांब, विटकरी रंगाची; डोळ्याभोवतीची कातडी उघडी, लालभडक. सह्याद्रीच्या दाट झाडीत ती आढळते. रंगीत चकोत्री थोडी लहान. तिच्या नराच्या तांबूस अंगावर काळ्या कडांचे पांढरे ठिपके विखुरलेले असतात. मादी मात्र साधी, तपकिरी. हिला खडकाळ, कोरडे डोंगर मानवतात. खुलताबाद-म्हैसमाळपासून कन्नडजवळच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यापर्यंत पसरलेले पानगळीचे रान याच प्रकारचे आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले.

चकोत्रीचे सारे जगणे झुडोऱ्यावर अवलंबून असते. जोडीने किंवा चार-पाच जणींच्या थव्याने ती पालापाचोळा उकरत बिया, बोरे, किडे टिपते. चाहूल लागली की उडण्याऐवजी धावत झुडपात शिरते. अगदीच नाइलाज झाला तर पंख फडफडवते. रात्री मात्र झाडावर बसते. म्हणूनच वणव्याने किंवा अति चराईने जमिनीलगतची झाडी गेली, की वर उंच झाडे शाबूत असूनही तिच्यासाठी ते रान उजाड झालेले असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिच्या शिकारीला मनाई करतो. झुडोरा राखण्याचे काम मात्र गावाच्या आणि वनखात्याच्या हाती आहे.

वीण मुख्यतः जानेवारी ते जून. काही ग्राउज नर एका मैदानात जमून अनेक माद्यांपुढे नाचतात. चकोत्रीचा नर एकाच मादीशी जोडी करून राहतो. झुडपाखाली उथळ खळगा, त्यात थोडी पाने, एवढेच घरटे. त्यात तीन ते पाच अंडी असतात. पिल्ले अंड्यातून बाहेर पडली, की लवकरच आईमागे पाचोळ्यात चालू लागतात.