छापखाना वाचकाच्या घरी

हा अंक दादरच्या वाचकाच्या हाती पडो की इंदूरच्या, त्याचे कोणतेही पान सर्वांना सारखेच दिसते. डावीकडे मजकूर, उजवीकडे केशतेलाची जाहिरात, खाली पृष्ठांक. एकदा जुळवून छापले की त्यात फरक व्हायचा नाही. संकेतस्थळाची गोष्ट मात्र अगदी निराळी. संकेतस्थळाचा कर्ता आपल्याला छापलेले पान पाठवीतच नाही. तो पाठवतो मजकूर आणि त्याच्या जोडीला सूचना: हे शीर्षक समज, हा परिच्छेद समज, येथे चित्र घाल, या शब्दावर कोणी बोट ठेवले की त्याला अमक्या पानावर ने. या सूचना वाचून पान प्रत्यक्ष जुळवण्याचे काम आपल्या यंत्रावरचा ब्राउझर करतो. म्हणजे छापखाना वाचकाच्या घरी!

आणि घरोघरचे छापखाने वेगवेगळे. चिरंजीवांच्या मोबाइलवर क्रोम, सूनबाईंच्या आयफोनवर सफारी, कचेरीतल्या संगणकावर एज, एखाद्या हौशी गृहस्थाकडे फायरफॉक्स. ज्याला दृष्टी नाही त्याच्या घरी तर पान पडद्यावर उमटून भागत नाही. ते कानात किंवा बोटांखाली उमटावे लागते. एकाच सूचनापत्रावरून इतक्या तऱ्हेच्या छापखान्यांतून वाचता येईल असे पान कसे काढायचे? प्रश्न तांत्रिक वाटतो खरा, पण त्यापायी एका ऑलिंपिक समितीला भरपाई द्यावी लागली आहे.

मुळात ही कल्पना सर्वांसाठीच होती. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची योजना मांडली आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. तो चाले फक्त नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावर. तेव्हा निकोला पेलो या विद्यार्थिनीने दुसरा ब्राउझर लिहिला. त्यात ना चित्रे, ना रंग, ना माउस. नुसत्या ओळी, आणि दुव्यांना क्रमांक. क्रमांक टंकला की पुढचे पान हजर. दिसायला दरिद्री, पण जवळजवळ कोणत्याही यंत्रावर चालणारा! पान कसे दिसावे यापेक्षा त्यातले काय म्हणजे काय हे सांगायचे, बाकीचे ज्याच्या त्याच्या छापखान्याने पाहावे, असा तो साधा करार होता.

तो करार फार दिवस टिकला नाही. १९९३ मध्ये मोझेक आला, १९९४ मध्ये नेटस्केप, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर, आणि दोघा बड्या सावकारांत जुंपावी तशी जुंपली. नेटस्केपने लुकलुकणारी अक्षरे काढली, तर एक्स्प्लोररने सरकणारी पट्टी. (ती सरकणारी पट्टी आमच्याकडच्या सरकारी संकेतस्थळांना इतकी प्रिय झाली, की जणू तिच्याशिवाय सूचना अधिकृत होतच नव्हती.) संकेतस्थळे बांधणाऱ्यांना हवे होते मासिकासारखे रकाने. ते मिळेनात, म्हणून त्यांनी आकड्यांसाठी असलेले तक्ते घेतले, एका तक्त्याच्या पोटात दुसरा कोंबला, आणि मधली जागा धरून ठेवायला एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून बसवले. एवढी उठाठेव करूनही पान एका ब्राउझरात ठीक दिसे आणि दुसऱ्यात विसकटे. मग दर्शनी पानावरच पाटी लागे: ‘हे संकेतस्थळ अमक्या ब्राउझरमध्येच उत्तम दिसते.’ कोल्हापुरी वहाणा घातलेल्यांनाच दुकानात प्रवेश, अशातलाच हा प्रकार.

पेहराव आणि देह वेगळे ठेवण्याचा उपाय नॉर्वेच्या हाकोन विउम ली यांनी १९९४ सालीच सुचवला होता. मजकुराच्या सूचना एका कागदावर, रंगरूपाच्या दुसऱ्या. हेच सीएसएस. डिसेंबर १९९६ मध्ये त्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. पण नियम कागदावर येणे वेगळे आणि सर्वांनी एकाच पट्टीने मोजणे वेगळे. रकान्याची रुंदी ३०० आणि आत दोन्ही बाजूंना २० ची मोकळी जागा ठेवा म्हटले, तर नियमाप्रमाणे एकूण जागा ३४० लागते. एक्स्प्लोररची पाचवी आवृत्ती मोकळी जागा ३०० च्या आतच धरी. गवंड्याने भिंतीची जाडी खोलीच्या मापात धरावी आणि सुताराने धरू नये, तशी गत! एका घरी तीन रकाने शेजारी शेजारी बसत, तर दुसऱ्या घरी तिसरा रकाना घसरून तळाशी जाई, आणि त्यात नेमकी सूची असली तर वाचक वाटच शोधत बसे.

या भांडणाची एक गमतीदार खूण आजही शिल्लक आहे. ब्राउझर पान मागताना आपले नाव सांगतो. नेटस्केपचे सांकेतिक नाव होते मोझिला. काही संकेतस्थळे हे नाव ऐकले तरच चांगले पान देत, म्हणून एक्स्प्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. पुढे जो आला त्याने मागच्यांची नावे आपल्या नावाला जोडली. आजचा क्रोम दार वाजवताना मोझिला, गेको, सफारी अशी सारी बिरुदे लावून उभा राहतो, लग्नपत्रिकेत आप्तेष्टांची नावे यावीत तशी. नेटस्केप कधीच काळाच्या पडद्याआड गेला, एक्स्प्लोररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. पण दारावरची ती जुनी खोड गेली नाही. समोर कोण आला हे पाहून पान देण्यापेक्षा त्याला काय करता येते हे पाहून द्यावे, हे शहाणपण यायला फार वर्षे लागली.

मराठी वाचकाने या भांडणाचा जाच जरा अधिकच सोसला. २००० च्या सुमारास मराठी वृत्तपत्रे संकेतस्थळांवर येऊ लागली तेव्हा अनेकांनी आपापले खास टंक वापरले. या टंकांत युक्ती अशी असे, की संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षराच्या घरात ‘क’ चे चित्र बसवायचे. टंक आपोआप घरी पोचवण्याची मायक्रोसॉफ्टची रीत वेगळी, नेटस्केपची वेगळी. ज्याच्याकडे योग्य ब्राउझर असेल त्याला अग्रलेख दिसे. इतरांना रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. न्यूजर्सीतल्या मुलाने गावाकडची बातमी वाचायला जावे आणि पडद्यावर जंतरमंतर उमटावे! ज्यांना अक्षरे दिसत त्यांनाही ती शोधता येत नसत, आणि अंध वाचकाचे वाचनयंत्र तर ती खिचडीच मोठ्याने म्हणून दाखवी, कारण त्याच्या लेखी तेथे मराठी मजकूर नव्हताच. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची घरे होती. घरोघरच्या संगणकांना ती कळू लागली विंडोज २००० आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून. मग जुना मजकूर नव्या घरांत हलवून देणारी साधनेही निघाली.

दिसणे वेगळे आणि असणे वेगळे, हाच घोटाळा ऑस्ट्रेलियात आयोगापुढे गेला. ब्रूस मॅग्वायर हे अंध गृहस्थ संगणक सराईतपणे वापरीत. त्यांच्यापुढे ब्रेलची पट्टी असे. तिच्यावरचे ठिपके वरखाली होऊन एकेक ओळ बोटांखाली येई. त्यांना सिडनी ऑलिंपिकचे वेळापत्रक आणि निकाल इतरांसारखे स्वतः वाचायचे होते. समितीच्या संकेतस्थळावर ते तीन ठिकाणी अडले. चित्रांना आणि चित्रांतल्या दुव्यांना शब्दांची जोड नव्हती. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे त्यांना जाता येत नव्हते. आणि निकालांच्या तक्त्यांत कोणता आकडा कोणाचा हे लागत नव्हते. जून १९९९ मध्ये त्यांनी मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे तक्रार केली. योगायोग असा, की संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे पहिले आंतरराष्ट्रीय नियम त्याच वर्षीच्या मे महिन्यात जाहीर झाले होते, आणि त्यांतला पहिलाच नियम होता चित्राला शब्दांची जोड द्या, हा.

समितीचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. सूचीकडे जाता येत नाही ना, मग त्या त्या खेळाच्या पानाचा पत्ता सरळ ब्राउझरमध्ये टंकावा! ग्रंथालयाची सूची कुलपात ठेवायची आणि वाचकाला म्हणायचे, पुस्तकाचा क्रमांक सांगा, लगेच देतो. तशातली ही गोष्ट. शिवाय दुरुस्तीला एका माणसाला रोज आठ तास काम करून ३६८ दिवस लागतील, हा खर्च परवडायचा नाही, असेही समितीने मांडले. मॅग्वायर यांच्या बाजूच्या जाणकारांचा हिशेब निराळा निघाला: एक अनुभवी माणूस आणि हाताखाली थोडे मदतनीस असले तर चार आठवडे. २४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निकाल दिला आणि १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, सुधारणा करण्यास फर्मावले. स्पर्धा झाल्या, पदके वाटली गेली, पण काम पुरते झाले नाही. नोव्हेंबरमध्ये समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. पाने बांधतानाच प्रत्येक चित्रामागे ‘जलतरण’, ‘हॉकी’ असा एकेक शब्द लिहिला असता, तर त्याला वेगळे अंदाजपत्रक लागले नसते.

या खटल्यानंतर साधने पुष्कळ सुधारली. मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्याच दोन अंध तरुणांचे एनव्हीडीए नावाचे वाचनयंत्र २००६ पासून फुकट मिळते, आणि त्याच्या सोबतचा आवाज मराठीही वाचतो. अर्थात पान मराठी आहे अशी खूण कर्त्याने केली असेल तरच. नाहीतर साहेबी उच्चारात मराठी ऐकायची वेळ यायची. हे यंत्र वापरणारा माणूस सगळे पान ऐकत बसत नाही. आपण जशी नजर फिरवतो तसा तो ‘एच’ ची कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. आता कर्त्याने शीर्षकाची खूण न करता नुसतीच अक्षरे ठळक केली असतील, तर डोळ्यांना शीर्षक आणि कानांना शून्य. बटणाचेही तसेच. रंगीत चौकोन काढून त्यावर ‘पैसे भरा’ लिहिले म्हणजे ते बटण होत नाही. माउसने चालते, कळफलकाने हलत नाही. यंत्राला ते बटण आहे हेच ठाऊक नसते.

यात एक नवी मेख अशी, की हल्लीच्या सीएसएसने मजकुराचा दिसण्यातला क्रम हवा तसा फिरवता येतो. पडद्यावर आधी नाव, मग रक्कम. मूळ सूचनापत्रात मात्र आधी रक्कम, मग नाव. कळफलकाने जाणारा मूळ क्रमाने जातो आणि भलतीकडेच पोचतो. आणि हा जाच फक्त अंधांचा आहे असे कोणी समजू नये. मनगट मोडलेली बाई माउस धरू शकत नाही. आजोबा अक्षरे चौपट मोठी करतात तेव्हा पान आडवे सरकवत बसावे लागते. तसे लागू नये, असा नियम २०१८ पासून आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान साडेचारास एक असावा हा नियम तर त्याहून जुना, २००८ चा. तरीही पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे काढण्याची फॅशन सुटत नाही. सुबकपणाची ही कल्पना मला तरी कधी उमगलेली नाही.

आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूत्रे २००९ साली आली आणि दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या या बाईंना बँकेत खाते उघडताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितले गेले होते. हल्ल्यामुळे त्यांना ते शक्य नव्हते. अशा सोयींपर्यंत सर्वांना पोचता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

दिवाळीच्या सुटीत एक प्रयोग घरी करून पाहता येईल. ज्या संकेतस्थळावर आपण विजेचे बिल भरतो ते उघडावे, माउस उचलून कपाटावर ठेवावा आणि नुसती टॅबची कळ दाबत जावे. दर दाबण्याला पडद्यावर एक चौकट पुढच्या दुव्यावर सरकताना दिसली पाहिजे. पुष्कळदा ती दिसतच नाही, कारण कोणा शौकिनाला ती कुरूप वाटून त्याने काढून टाकलेली असते. पहिल्याच टॅबला ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा आला तर कर्ता जाणता आहे असे समजावे. न आला तर दर पानावर तीसचाळीस दुवे ओलांडत बिलापर्यंत पोचावे लागेल. मग तोच खेळ मोबाइलवर, दुसऱ्या ब्राउझरमध्ये, अक्षरे दुप्पट करून खेळावा. अडलो तर पानाच्या तळाशी ‘अभिप्राय कळवा’ असे बहुधा लिहिलेले असते. तेथे दोन ओळी लिहून पाठवाव्या. तिथवर टॅबने पोचता आले तर.